बाई, याला किती स्टार?

पत्र थोडक्यात असं : सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावीला शिकवणाऱ्या बाईंनी लिहिलंय. वर्गाचा पट ३४. लोकसहभागातून शाळेला पाच टॅब मिळाले, तेव्हापासून बाई रात्री अकरा-अकरापर्यंत जागून गणिताचे क्विझ-गेम तयार करतात. बरोबर उत्तराला स्टार, झटपट उत्तराला जास्त स्टार, शनिवारी फळ्यावर पहिल्या दहा जणांची नावं. पहिले पंधरा दिवस वर्ग नुसता उसळत होता. केंद्रप्रमुखांनी फोटो काढून ग्रुपवर टाकले. आता दोन महिन्यांनी तीच पाच-सहा मुलं मन लावून खेळतात, बाकीची कुठल्याही पर्यायावर बोट आपटून मोकळी होतात. फळ्यावर साधं गणित दिलं तरी वर्गातून आवाज येतो, "बाई, याला किती स्टार?"

त्यातच एक मुलगा आहे. शेवटच्या ओळीत बसतो, वर्गात तोंड उघडत नाही. २७ गुणिले ६४ फळ्यावर दिलं तर खडू हातात धरून उभा राहिला. हाच मुलगा दिवाळीत पुण्याला चुलतभावाच्या फोनवर माइनक्राफ्ट हा ठोकळे रचून घरं बांधायचा गेम खेळून आलाय आणि मधल्या सुट्टीत मित्राला सांगत होता की एका पेटीत १७२८ दगड मावतात. "हा तोच गुणाकार आहे हे लक्षात आलं आणि मला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं," बाई लिहितात. भरीला पालकसभेत एक वडील म्हणाले, "आधीच पोरं मोबाइल सोडत नाहीत, त्यात तुम्ही शाळेतपण गेम लावता." बाईंचा प्रश्न : मुलं जेवणखाण विसरून जे गेम खेळतात, त्यांत असं काय आहे जे माझ्या गेममध्ये नाही? की हे सगळं गुंडाळून पुन्हा खडू-फळ्यावर यावं?

नमस्कार बाई,

तुमचं पत्र वाचताना मला माझाच एक जुना उद्योग आठवला. मी शिकवत होते तेव्हा वर्गात वाचनपेटी ठेवली होती. मुलांनी भरपूर वाचावं म्हणून जाहीर करून टाकलं, महिन्यात सगळ्यात जास्त पुस्तकं वाचेल त्याला शाईचं पेन. महिनाभर पेटीपाशी झुंबड. मी खूश. नंतर आवरायला बसले तर जाड पुस्तकं जागची हललीसुद्धा नव्हती आणि सोळा पानांच्या पुस्तकांच्या शिवणी उसवल्या होत्या. पोरं आधी पानं मोजायची, मग पुस्तक उचलायची. त्यात त्यांची लबाडी कसली? मी आकडा मागितला, त्यांनी आकडा आणून दिला.

तुमच्या वर्गातल्या "किती स्टार?"चं कूळ हेच. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत एक प्रयोग केला. आपणहून स्केचपेनं घेऊन चित्रं काढत बसणारी मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी शिक्का आणि रिबीन लावलेलं प्रशस्तिपत्रक मिळेल. काहींना काही न सांगता शेवटी ते हातात दिलं. काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी स्केचपेनं पुन्हा वर्गात ठेवली, बक्षीस वगैरे काही नाही. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं आता इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांना काही झालं नव्हतं. म्हणजे दोष त्या रिबिनीचा नव्हता. "हे केलंस तर ते देईन" या सौद्याने चित्र काढणं हे काम होऊन गेलं होतं.

यावरून सगळे स्टार कचऱ्यात टाका असं मी म्हणणार नाही. हा प्रयोग मुळात आवड असलेल्या मुलांवर होता. ज्यात कुणालाच रस नाही, म्हणजे एकोणीसचा पाढा घ्या, तिथे सुरुवातीची ढकलगाडी म्हणून एखादा स्टार चालून जातो. पण ढकलगाडीने गाव गाठता येत नाही, आणि तुम्ही दोन महिने ढकलताय.

आता तुमच्या प्रश्नातल्या एका गृहीतावर जरा थांबू या. तुम्ही धरून चाललाय की मुलांना गेम आवडतात, म्हणून गणिताला गेमचा साज चढवला की गणितही आवडेल. साज म्हणून तुम्ही गेममधलं काय उचललंत ते पाहा. स्टार, घड्याळ, यादी. बाजारातल्या गेममध्येही हे असतं हे खरं. रोज हजेरी लावली की नाणी, सलग सात दिवस आलात तर पेटी. पण हा गेमचा दुकानदारीचा भाग झाला, गिऱ्हाईक परत यावं म्हणून दारात टांगलेला. माझ्या स्वतःच्या फोनवर रंगीत गोळ्या जुळवायचा एक गेम होता. चाळीस दिवस हजेरी मोडली नाही. मग भाचीच्या लग्नात दोन दिवस राहून गेलं, हजेरी शून्यावर आली, आणि मी त्याच रात्री तो उडवून टाकला. एक दिवसही आठवण आली नाही. गेम मला आवडत नव्हताच बहुतेक. मी फक्त हजेरी राखत होते.

याउलट सागरगोटे आठवा. तुमच्या वयाला नक्की आठवतील. एक वर फेकायचा आणि तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक-एक उचलायचा. ते जमलं की दोन-दोन. मग तीन आणि एक. मग चारही एका मुठीत. पायरी जमेल न जमेल अशीच. चुकलं की लगेच कळतं, कशामुळे चुकलं तेही कळतं (जरा जास्तच वर फेकला), आणि दुसरीचा डाव संपला की पुन्हा आपली पाळी. शेजारी बघायला आणि भांडायला मैत्रिणी. आम्ही तिन्हीसांजेपर्यंत ओट्यावर बसायचो आणि स्टार देणारं कुणी नव्हतं.

तुमचा प्रश्न तंतोतंत ज्याने विचारला होता त्याचं नाव टॉमस मलोन, अमेरिकेतला एक संशोधक. १९८० च्या सुमारास, संगणकावरचे गेम नवे नवे असताना, तो पाहत होता की यांत मजा नेमकी कशाने येते. त्याने गेममधली एकेक गोष्ट काढून पाहिली. आमटीला चव कशाची हे शोधायला एकदा चिंच वगळावी, एकदा गूळ वगळावा, तसं. त्यातला एक गेम अपूर्णांकांचा होता. पडद्यावर संख्यारेषा, तिच्यावर अधेमधे फुगे बांधलेले. फुगा कुठे आहे याचा अंदाज करून मुलाने संख्या लिहायची की बाण सुटून त्या जागी लागतो. नेम बरोबर, तर फुगा फुटतो. चुकला, तर बाण तिथेच रुतून राहतो, फुगाही जागेवर, आणि आपण किती अलीकडे-पलीकडे मारला हे डोळ्यांसमोर दिसतं.

तुमच्या क्विझमध्ये चुकल्यावर काय होतं? लाल फुली येते आणि पुढचा प्रश्न. मुलाच्या हाती काही लागत नाही. फुग्यांच्या गेममध्ये चुकीचं उत्तर हाच पुढच्या उत्तराचा धागा होता. शिवाय नेम धरणं आणि अपूर्णांक समजणं ही तिथे एकच गोष्ट. तुमचे स्टार उद्या इतिहासाच्या सनावळीला लावले तरी चालतील. ते गणिताला चिकटलेलेच नाहीत.

मलोनला आणखी एक दिसलं. बाण आणि फुगे मुलग्यांना आवडले, मुलींना फारसे नाही. एकाला लज्जत आणणारी फोडणी दुसऱ्याला ठसका आणते. आव्हान, कल्पनेतलं जग आणि कुतूहल असे मजेचे तीन उगम त्याने सांगितले. पुढे १९८७ मध्ये त्यात चौथं आलं, सूत्रं आपल्या हातात असणं. ते मांडताना मलोनबरोबर कोण होतं माहितेय? तोच लेपर, स्केचपेनवाला.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन हे मानसशास्त्रज्ञ याच गावाला दुसऱ्या वाटेने पोचले. माणूस मनापासून एखाद्या गोष्टीत रमतो तेव्हा तीन भुका भागत असतात, असं ते म्हणतात : मी स्वतः निवडलंय, मला जमतंय, आणि माझी माणसं सोबत आहेत. २००६ मध्ये रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे गेम खेळणाऱ्यांना लावून पाहिलं, तर गेम आवडण्याचा धागा याच तीन गोष्टींशी जुळला. तुमच्या तासाला निवड बाईंची असते. जमतंय ही भावना पहिल्या पाच जणांची. सोबत म्हणावी तर एका टॅबभोवती सात डोकी आणि टॅब एकाच्याच हातात.

म्हणून माझी पहिली विनंती, उद्याच घड्याळ बंद करा. झटपट उत्तराला जास्त स्टार म्हटलं की विचार करणारं मूल हरलंच. बोट आपटून मोकळी होणारी तुमची मुलं आळशी नाहीत, त्यांनी हिशेब केलाय. विचार करूनही यादीत नाव येणार नसेल तर विचार करून करायचं काय?

फळ्यावरची यादीही पुसा. रिचर्ड बार्टल हा ब्रिटिश माणूस, १९७८ मध्ये इसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने सुरू केलेल्या, अनेकांनी एकत्र खेळायच्या, सगळा मजकुरातूनच चालणाऱ्या गेमचा सहनिर्माता. त्याने १९९६ मध्ये खेळणाऱ्यांचे चार स्वभाव मांडले. कुणाला गुण आणि पायऱ्या गोळा करायच्या असतात, कुणाला गेमचा कानाकोपरा धुंडाळायचा असतो, कुणी गप्पांना आणि माणसांना भेटायला येतं, तर कुणाला समोरच्याला पाडायचं असतं. यादी पहिल्याला आणि थोडीफार शेवटच्याला खेचते. मधले दोघे तुमच्या वर्गात नाहीत असं थोडंच आहे? (बार्टल तसल्या मजकुरी गेममधल्या खेळाडूंबद्दल बोलत होता, त्यामुळे ही चार नावं पोरांच्या कपाळावर चिकटवू नका. आपल्याकडे लेबलाची हौस फार.)

मग करायचं काय? पाच टॅबवर मलोनचा गेम शोधत बसू नका. दोरी घ्या. व्हरांड्याच्या दोन खांबांमध्ये ताणून बांधा, बरोबर दोन मीटर. एका टोकाला ०, दुसऱ्याला १. प्रत्येक मुलाच्या हातात कपड्यांचा चिमटा. तुम्ही म्हणा, तीन पंचमांश. मुलाने डोळ्याने अंदाज घेऊन चिमटा लावायचा. मग दुसऱ्याने टेपने मोजायचं. ३/५ म्हणजे १२० सेंटीमीटरला हवा. चिमटा ११० ला असेल तर चूक दहाची. हा दहाचा आकडा ज्याने त्याने आपापल्या वहीत लिहायचा, फळ्यावर नाही. उद्या तो सातावर आला तर ज्याचं त्याला कळेल. चिमटा तिथेच राहू द्या, रुतलेल्या बाणासारखा, पुढच्याला त्यावरून अंदाज बांधता येतो.

आता ५/८ सांगा. तो १२५ ला येतो. ३/५ च्या इतका शेजारी कसा, यावर वाद होईल, होऊ द्या. नंतर एक पंचमांश आणि एक अष्टमांश. आठ मोठे म्हणून एक अष्टमांश पुढे लावणारी निदान दहा मुलं निघतील. टेप २५ आणि ४० दाखवेल तेव्हा त्यांचे चेहरे बघा. तो क्षण क्विझमध्ये कितीही आतषबाजी उडवली तरी येत नाही, कारण तिथे बरोबर कोण ते टॅब सांगतो. इथे दोरी सांगते आणि दोरीशी हुज्जत घालता येते, पुन्हा मोजता येतं.

टॅब कपाटात ठेवा असं माझं म्हणणं नाही. दोरी, टॅब किंवा वहीतली गणितं, आज काय घ्यायचं ते मुलांच्या गटाने ठरवावं, एवढंच. आणि तुमची रात्रीची जाग्रणं बंद. प्रश्न मुलांना काढू द्या. चार-चार जणांचा गट, दुसऱ्या गटासाठी पाच प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. अट एकच, चुकीचे तीन पर्यायही खरे वाटले पाहिजेत. १/२ अधिक १/३ चं उत्तर ५/६. पण समोरच्या गटाला फसवायचं असेल तर २/५ हा पर्याय ठेवावा लागतो, आणि तो सुचायला लोक अंशात अंश, छेदात छेद मिळवतात हे ध्यानात यावं लागतं. बी.एड.ला आपल्याला जे शिकवलं ते पोरं स्वतः शोधतात. पहिल्या आठवड्यात ९९९९ असले पर्याय येतील. दुसऱ्या आठवड्यात बेरकी होतील.

तुमच्या शेवटच्या ओळीतल्या मुलाकडे येते. खरं तर पत्रातली हीच गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये. माइनक्राफ्टमध्ये पेटीला २७ चौकोन असतात आणि दगडासारख्या वस्तू एका चौकोनात ६४ पर्यंत रचता येतात, म्हणून १७२८. तुम्हाला वाटलं, याला गुणाकार येतो आणि फळ्यापाशी आपणच त्याला मुका केला. अर्धं बरोबर असेल. पण अर्धी शंका ठेवा. हा आकडा त्याने चुलतभावाकडून ऐकून पाठ केला असू शकतो. गेम खेळून गणित येतं असं म्हणणाऱ्यांची हीच पंचाईत आहे. गेममध्ये शिकलेलं गेममध्ये छान चालतं, बाहेर ते आपोआप येत नाही. कुणीतरी मध्ये साकव घालावा लागतो.

तो साकव तुम्ही आहात, पण फळ्यापाशी बोलावून नाही. मधल्या सुट्टीत, त्याच्या शेजारी बसून. तुम्हाला खरंच माहीत नाही अशा सुरात विचारा, १७२८ कसे रे? त्याने सांगितलं तर विचारा, लोखंडाच्या नऊ विटांचा एक ठोकळा होतो ना, मग पेटीभर विटांचे ठोकळे किती? (१९२.) तो हे बोटांवर करेल, मातीत रेघा ओढून करेल, ६४ ला आधी दहाने गुणून करेल. कसंही करू द्या, मध्ये रीत सांगू नका. तो त्या गेममध्ये कोण आहे ते बघा. तिथे घर कुठे बांधायचं ते तोच ठरवतो, रात्री राक्षस आले आणि घर पडलं तर सकाळी पुन्हा बांधतो, त्याची कुणी लाल शाईने नोंद ठेवत नाही. खडू घेऊन उभा राहिलेला मुलगा ३३ जणांसमोर चुकणार होता. गुणाकार तोच असला तरी चुकीची किंमत फार वेगळी होती.

त्या वडिलांचं काय? त्यांना उडवून लावू नका, त्यांची भीती खरी आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांनी घरं धुऊन नेली, म्हणून तर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. त्यांच्या घरी मूल किती तास खेळतं यापेक्षा थांबवता थांबतं का, हे विचारा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत गेमिंगचा विकार आता आहे, पण त्याच्या खुणा तासांच्या नाहीत : खेळण्यावर ताबा न उरणं, बाकी सगळ्याच्या आधी गेम येणं, नुकसान दिसत असूनही चालूच ठेवणं, आणि हे साधारण वर्षभर. तसं वाटलं तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी मोफत नंबर द्या. नाहीतर त्यांना एक दिवस व्हरांड्यात बोलावून हातात चिमटा द्या. तीन सप्तमांश लावायला सांगा. मुलांसमोर बाप चुकला की वर्गाला काय चेव येतो ते एकदा बघण्यासारखं असतं.

"याला किती स्टार?" मात्र अजून महिनाभर ऐकू येईल, सवय लागलीय. चिडू नका, भाषणही देऊ नका. "स्टार संपले," म्हणा आणि टेप पुढे करा.

आणि त्या मुलाला माझ्यातर्फे एक विचाराल? दोन पेट्या शेजारी ठेवल्या की एक मोठी पेटी होते, ५४ चौकोनांची. मग तिच्यात किती दगड? मी माझ्याकडे कागदावर करून ठेवलंय. त्याचं उत्तर आलं की ताडून बघते.